वन्समोर : प्रेक्षकसमूहाच्या एका उद्गाराचा विचार

नाट्यप्रयोगाच्या मराठी समीक्षेत प्रेक्षकाचा विचार पुष्कळ झाला आहे. प्रेक्षकांचा मात्र फारच थोडा. हा भेद केवळ वचनाचा नाही. न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात सविकल्प समाधीची कल्पना मांडली, तीत समाधी लागते ती एकट्या वाचकाची. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात कलाकृतीसमोर उभा असलेला आस्वादकही एकटाच आहे. ग्रंथवाचनाच्या बाबतीत हे युक्तच म्हटले पाहिजे. वाचक दार लावून घेतो आणि वाचतो. परंतु तोच वाचक तिकीट काढून नाट्यगृहात शिरला, की त्याच्या डाव्या-उजव्या हातास नाव-गाव ठाऊक नसलेली माणसे बसलेली असतात आणि तास-दोन तासांत कधीतरी असा एक क्षण येतो, की ही सारी माणसे एकाच तोंडाने ओरडतात. पडदा पडताच ती पुन्हा परकी होतात. अनोळखी माणसांत अकस्मात उत्पन्न होणारा आणि अकस्मातच मावळणारा हा आपलेपणा कोणत्या जातीचा असतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्याचा शोध मनाच्या व्यापारांत न घेता भाषेच्या व्यापारांत घ्यावा असे मी म्हणतो. माझा अभ्यासविषय तो आहे हे त्याचे एक कारण. दुसरे असे, की मनात काय झाले याविषयी तर्कच करावा लागतो, तोंडातून काय निघाले हे मात्र तपासता येते.

प्रेक्षकांच्या तोंडून काय निघते याची पद्धतशीर नोंद आपल्याकडे सर्वप्रथम भरताने केली, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचे दैवी आणि मानुषी असे दोन भेद आहेत आणि मानुषी सिद्धीचे पुन्हा वाङ्मयी व शारीरी असे दोन. स्मित, अर्धहास्य, अतिहास्य, 'साधु', 'अहो', 'कष्टम्' आणि शेवटी प्रबद्धनाद, म्हणजे सर्वांचा मिळून उठलेला एकच मोठा गजर, ही वाङ्मयी सिद्धीची लक्षणे होत. अंगावर रोमांच येणे, उठून उभे राहणे, वस्त्रे आणि अंगठ्या फेकणे ही शारीरी सिद्धी. आवाज नाही, क्षोभ नाही, उत्पात नाही आणि रंगमंडप मात्र पूर्ण भरलेला आहे, अशी अवस्था ती दैवी. रससूत्राच्या चर्चेने आपल्या समीक्षेची शेकडो पाने व्यापली. या अध्यायाच्या वाट्याला त्यांतली फारच थोडी आली. वास्तविक, करुणप्रसंगी 'कष्टम्' आणि विस्मयाच्या प्रसंगी प्रबद्धनाद, अशी कोणत्या प्रसंगी कोणता ध्वनी ऐकू येतो याची ही नोंद निरीक्षकाची आहे, तत्त्वज्ञाची नव्हे. त्याच अध्यायात प्रयोगाचा घात करणाऱ्या गोष्टी सांगताना प्रतिपक्षाच्या माणसांनी आरडाओरडा करणे, शेण, ढेकळे आणि मुंग्या फेकणे यांचाही उल्लेख आहे. ज्याने हे लिहिले तो प्रेक्षागृहात बसलेला असला पाहिजे.

या यादीतील शब्दांची जात पाहा. 'साधु', 'अहो', 'कष्टम्' यांना कर्ता नाही, क्रियापद नाही, पुरुष नाही. अशा शब्दांना आपले व्याकरण केवलप्रयोगी अव्यये म्हणते, आणि शब्दांच्या आठ जातींत त्यांचा क्रम शेवटचा लावते. वाक्याशी संबंध नसलेले, भावनेच्या भरात तोंडून निसटलेले, म्हणून व्याकरणाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी. पण समूहाच्या दृष्टीने हाच त्यांचा गुण आहे. 'मला आनंद झाला' हे वाक्य चारशे माणसे एकदम उच्चारू शकत नाहीत. उच्चारलीच, तर चारशे वाक्ये होतील. 'अहो' हा उद्गार चारशे तोंडांतून निघाला तरी एकच राहतो, कारण त्यात 'मी' नाही.

आता मराठी रंगभूमीकडे येऊ. विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' १८४३ चे, किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० चे आणि 'सौभद्र' १८८२ चे. संगीत नाटकाचा बहर आला आणि त्याबरोबर प्रेक्षकांच्या तोंडी एक परदेशी शब्द बसला : वन्समोर. मौजेची गोष्ट अशी, की ज्यांच्या भाषेतून आपण तो घेतला ते इंग्रज आपल्या नाट्यगृहांत तो प्रसंग साजरा करतात तो 'आंकोर' या फ्रेंच शब्दाने. आणि फ्रेंच लोक तशाच प्रसंगी 'बिस्' हा लॅटिन शब्द उच्चारतात. महफिलीत बसणारा मराठी श्रोता 'क्या बात है' म्हणतो, मुशायऱ्यात 'मुकर्रर' ऐकू येते. आनंदाच्या भरात माणसाला परभाषा का आठवावी? हौस आणि अनुकरण ही कारणे आहेतच. इंग्रजी शब्दांची मिरवणूक त्या काळी सर्वत्रच निघालेली होती. परंतु मिरवणुकीतले कितीतरी शब्द गेले आणि हा मात्र राहिला.

मला याचे कारण मराठीच्या आज्ञार्थात दिसते. 'पुन्हा म्हण' किंवा 'पुन्हा म्हणा' यांपैकी एक मराठी माणसाला निवडावे लागते, आणि निवडताच नटाचे आणि आपले नाते ठरवावे लागते. समोर उभा आहे तो द्वारकेचा कृष्ण आहे, की कंपनीचा पगारी गायक? कृष्णाला भक्त एकेरीत हाक मारतो. पगारी नटाला शेट-सावकार एकेरीत बोलवीत आणि शाळामास्तर बहुधा अहो-जाहो करीत. चारशे माणसांची चारशे नाती, आणि आज्ञार्थाची रूपे दोन. त्यामुळे मराठी वाक्य निघताच समूह फुटला असता. नुसते 'पुन्हा' म्हणता आले असते असा आक्षेप कोणी घेईल. पण 'पुन्हा' या शब्दास मराठीत रागाचीही सवय आहे, 'पुन्हा तेच!' असे आपण कंटाळूनही म्हणतो. वन्समोरला मागचेपुढचे काही नाही. त्याला पुरुष नाही, वचन नाही, आदर-अनादर नाही. तो प्रेक्षागृहात जन्मला, आणि वाढला तोही बहुतेक तेथेच.

शब्द परका असला तरी त्याला मिळालेली क्रियापदे मात्र अस्सल मराठी आहेत. पदाला वन्समोर 'मिळतो', नट तो 'घेतो', प्रेक्षक तो 'देतात'. अर्थाने पाहिले तर वन्समोर ही मागणी आहे. देणारा नट असावयास हवा आणि घेणारा प्रेक्षक. भाषेने हा व्यवहार उलटा करून मागणीलाच देणगी ठरविले आहे. 'दाद' या शब्दाचे असेच झाले. फारसीत दाद म्हणजे न्याय. म्हणून कचेरीत आपण दाद 'मागतो' आणि महफिलीत दाद 'देतो'. गायकाने केलेल्या कष्टाचा न्याय बैठकीने करावा, असा त्या प्रयोगातला जुना भाव आहे. टाळीही नट 'घेतो'.

हास्याची गोष्ट याहून बोलकी आहे. एक माणूस हसतो. नाट्यगृहात मात्र 'हशा पिकतो', 'खसखस पिकते'. पिकणे हे अकर्मक क्रियापद आहे आणि त्याचा कर्ता माणूस नसून खुद्द हशा आहे. विनोदी नट हशा 'पिकवतो', म्हणजे प्रयोजक रूप नटाला मिळाले. प्रेक्षक कोणत्याच रूपात येत नाहीत. ते जमीन आहेत. कंपनीचे लोक पिटात बसवून मुद्दाम टाळ्या-वन्समोर मिळविण्याच्या युक्तीला आपण 'माणसे पेरणे' म्हणतो. ही शेतकी भाषा बोलणाऱ्यांना उपमेचे भान असो वा नसो, तिने केलेले निरीक्षण अचूक आहे. पेरलेला वन्समोरही उगवतो, कारण उद्गारावर कोणाची सही नसते.

येथे मला ज्या पुराव्याचे सर्वांत अधिक महत्त्व वाटते तो येतो. मराठीत उत्तमपुरुषी अनेकवचन दोन आहेत : ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' आणि त्याला सामावून घेणारे 'आपण'. हिंदी, बंगाली किंवा इंग्रजी बोलणाऱ्याला जी सोय नाही ती गुजराती आणि द्राविडी भाषकांप्रमाणे आपणांस आहे. समूहभावनेचा अभ्यास करणाऱ्यास याहून चांगले साधन मिळणार नाही. आता नाटकाहून परत आलेला माणूस काय बोलतो ते ऐकावे. 'आम्ही काल नाटकाला गेलो होतो', म्हणजे तो, त्याची पत्नी आणि मेहुणा. 'आम्ही चौथ्या रांगेत होतो.' आणि मग, 'त्या पदाला लोकांनी तीन वन्समोर दिले.' लोकांनी! ओरडणाऱ्यांत तो स्वतः होता. कदाचित त्याचाच आवाज सर्वांत मोठा होता. तरीही ज्या क्षणी तो सर्वांशी एकरूप झाला असे शास्त्र सांगते, त्या क्षणासाठी त्याच्या तोंडी 'आम्ही' येत नाही, 'आपण' येत नाही, येतो तो तृतीय पुरुष. ही विनयाची रीत नव्हे. सामन्यात अकरा जण जिंकल्यावर घरी बसलेला माणूस 'आपण जिंकलो' असे खुशाल म्हणतो. नाट्यगृहातला आपलेपणा खरा आहे, पण त्याला सर्वनाम नाही.

या निरीक्षणाच्या आधारे अभिनवगुप्ताच्या मताचे परीक्षण करता येते. दहाव्या-अकराव्या शतकातल्या या आचार्याने आपल्या परंपरेत समूहाचा विचार सर्वांत गंभीरपणे केला, हे प्रथम मान्य केले पाहिजे. भट्टनायकाच्या साधारणीकरणाचा त्याने पुढे विस्तार केला. सर्व सामाजिकांची प्रतीती एकघन झाल्याने रसाचा परिपोष होतो, असे 'अभिनवभारती'त म्हटले. आणि 'तंत्रालोका'च्या अठ्ठाविसाव्या आह्निकात तर गीतनृत्य पाहावयास जमलेल्या मेळाव्याचेच उदाहरण घेतले. देहभेदाने संकोचलेली संविद् अशा मेळाव्यात परस्परांच्या प्रतिबिंबाने विकास पावते, असा त्याचा सिद्धांत आहे. फ्रान्समध्ये दुर्खेमने १९१२ साली समूहाच्या उत्कट अवस्थेविषयी जे लिहिले त्याच्या नऊशे वर्षे आधीचे हे प्रतिपादन आहे. पण त्यास एक अट जोडलेली आहे. मेळाव्यात तन्मय न होणारा कोणी असेल तर संविदेचा पुन्हा संकोच होतो. म्हणून अशाला आत घेऊ नये. तांत्रिक चक्राच्या बाबतीत ही अट समजू शकते. नाट्यगृहाला ती लावली, की 'सहृदय' हा शब्द दाराशी उभा राहून तिकिटे तपासू लागतो.

आपल्या समीक्षेने ही अट नकळत उचलली आणि 'पिटातला प्रेक्षक' हे निंदेचे पद बनविले. टाळ्या पिटातल्या, शिट्ट्या पिटातल्या, आणि रसास्वाद तेवढा खुर्चीतला. माझ्या मते पुरावा याच्या उलट आहे. प्रबद्धनादाला तन्मयता लागत नाही. शेजाऱ्याचा आवाज लागतो. भरताने हे ओळखले होते. आदर्श प्रेक्षकाचे गुण मोजून झाल्यावर ते सगळे एका माणसात सापडणार नाहीत हे त्याने सांगितले आहे, आणि तरुणांना काय रुचते, वृद्धांना काय, अर्थार्थ्यांना काय याची वाटणीही केली आहे. ज्याला रागाचे नाव माहीत नाही आणि ज्याने तो राग गुरूजवळ बसून घोटला आहे असे दोघेही वन्समोर ओरडतात, तेव्हा दोघांना एकच अनुभव येत असेल असे मानण्याचे काही कारण नाही. उद्गार एक आहे, आणि तेवढ्यापुरते ते दोघे एक आहेत. मालिनॉव्स्कीने १९२३ साली, शब्दांचा अर्थ गौण असून बोलण्याने माणसे बांधली जातात अशा संभाषणाचे विवेचन केले. परंतु त्याचे संभाषण समोरासमोरचे आहे. प्रेक्षक एकमेकांशी बोलत नाहीत. सगळे रंगभूमीकडे तोंड करून ओरडतात आणि पाठमोरेपणीच एकत्र येतात.

ही हाक खरोखर नटालाच असते काय, हा प्रश्न बोलपट आल्यावर सुटला. 'अयोध्येचा राजा' १९३२ साली आला. पडद्यावरच्या गायकाला ऐकू येत नाही हे अडाण्यालाही कळते. तरीही चित्रपटगृहात वन्समोर ऐकू येत राहिले, शिट्ट्या राहिल्या, गाण्यावर नाणी उधळली गेली. 'जय संतोषी माँ' (१९७५) पाहताना लोक पादत्राणे बाहेर काढून बसत, हे त्या पिढीतल्या पुष्कळांना आठवत असेल. ज्याला उद्देशून बोलावे तोच हजर नाही, तरी बोलणे थांबत नाही. तेव्हा ऐकणारा दुसरा कोणी असला पाहिजे. तो शेजारच्या खुर्चीवर असतो. त्याला उद्देशून बोलण्याचा संकोच वाटतो म्हणून माणूस पडद्याशी बोलतो, असे मला वाटते. आणि रंगभूमीवरच्या वन्समोरचेही अर्धे कारण हेच असावे.

मात्र या आपलेपणाची किंमत वाढवून सांगण्याचा मोह टाळला पाहिजे. तो सर्वांना खुला होता असे नाही. संगीत नाटकाच्या जुन्या काळी स्त्रियांची बैठक निराळी असे आणि तेथून वन्समोर उठणे कोणास रुचले नसते. बालगंधर्वांच्या पदांना ओरडून दाद देणारे पुरुष होते; स्त्रियांनी दाद दिली ती घरी जाऊन, त्यांच्यासारखे लुगडे नेसून. वाङ्मयी सिद्धी ज्यांना नाकारली त्यांनी ती वस्त्रांत व्यक्त केली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून 'मानापमान' केले. तो प्रसंग एकात्मतेचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितला जातो. पण तेथे जमलेला समाज एका कार्यासाठी आधीच एक होऊन आलेला होता. माझा विषय तो नाही.

तमाशाचा फड हे याहून कठोर उदाहरण आहे. कनातीच्या आत महार, मांग, कोल्हाटी कलावंतांच्या सवाल-जवाबावर सारा गाव एकच गजर करी; बाहेर आल्यावर त्याच कलावंतांच्या हातचे पाणी त्याच गावाला चालत नसे. दौलतजादा करणाऱ्याचे नाव पुकारले जाई, आणि त्या क्षणी समूहातून एक पाटील किंवा एक सावकार वेगळा निघे. भरताने वस्त्रे-अंगठ्या फेकणे शारीरी सिद्धीत घातले ते मार्मिक आहे. उद्गार सर्वांचा असतो, अंगठी एकाच्याच बोटातली असते. उद्गाराला नाव नसते म्हणून त्यात कोणीही शिरू शकतो, आणि नाव नसते म्हणूनच त्याने कोणावर कसलेही बंधन येत नाही. वारीत अनोळखी माणसे परस्परांस 'माउली' म्हणतात. पुरुषाला, पोराला, म्हाताऱ्याला एकच स्त्रीलिंगी संबोधन. तेथे तोंड शेजाऱ्याकडे आहे, आणि माउली म्हटलेल्याला तहान लागली तर पाणी द्यावे लागते. अर्थात संबोधनानेही सर्व काही साधले असे नाही. पंढरपूरचे देऊळ अस्पृश्यांना उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली. पण तेथे निदान विसंगती दाखविता आली, कारण शब्दाने वचन दिलेले होते. वन्समोर कसलेच वचन देत नाही.

काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या गावी मी 'सौभद्रा'चा प्रयोग पाहिला. दुसऱ्या अंकात वीज गेली. ध्वनिवर्धक बंद पडला, पंखे थांबले. ऑर्गन आणि तबला यांना विजेची गरज नसते. वाजविणारे क्षणभर अडखळून वाजवीतच राहिले. मागून कोणीतरी 'चालू द्या' म्हणाले. मग एकाने आपल्या मोबाईलचा दिवा रंगभूमीकडे धरला, पाहता पाहता शेदोनशे दिवे लागले, आणि गायकाचा उघडा आवाज ऐकू यावा म्हणून सबंध नाट्यगृह असे स्तब्ध झाले, की भरताची दैवी सिद्धी यालाच म्हणावे. पद संपले तसा वन्समोरचा गजर झाला. मीही ओरडलो. माझ्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी माझा दंड धरला होता आणि बहुधा ते त्यांना कळलेही नव्हते. पद दुसऱ्यांदा अर्ध्यावर आले आणि वीज परतली. तेव्हा झाले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. टाळ्या पडल्या, पण दिवे खिशात गेले, शेजाऱ्यांनी हात काढून घेतला, लोक एकमेकांकडे किंचित ओशाळून पाहू लागले, आणि उरलेले पद जरा ढिलाईनेच ऐकले गेले.

रात्री एस्. टी. च्या स्थानकावर तेच गृहस्थ बाकावर माझ्याजवळ येऊन बसले. आम्ही दोघांनी एकमेकांना ओळखले होते. त्यांनी विचारले, 'अहो, साडेबाराची गाडी लागली का?' मी म्हणालो, 'अजून नाही.' यापलीकडे बोलणे झाले नाही. दुसऱ्या दिवशी घरी मी हा प्रसंग सांगितला. बोलताना माझे माझ्याकडे लक्ष होते, तरीही तोंडून आले ते असेच : 'अंधारात लोकांनी वन्समोर दिला.'